आईच्या मूत्रपिंडाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

एचआयव्हीची औषधं, गरोदर बाई आणि तिची मूत्रपिंडं असा विषय मी सुचवला, तेव्हा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, इतका बारीक विषय सर्वसामान्य श्रोत्यांना कशाला?’’ विषय बारीक आहे हे खरं. पण आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण थांबवणं हे आपल्या काळातल्या वैद्यकाचं फार मोठं यश आहे, आणि त्या यशाची किंमत कोणी भरली हे पाहायचं तर अशाच बारीक गोष्टींकडे जावं लागतं. मी एका जिल्ह्याच्या गावी रक्त-लघवी तपासण्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. हा इतिहास मी वाचला तो पुस्तकांत आणि नियतकालिकांत, पण समजला तो तपासणीच्या चिठ्ठ्यांवरून.

सुरुवात १९९४ पासून करू. त्याआधी एचआयव्हीबाधित आईच्या पोटी जन्मलेल्या चार मुलांपैकी साधारण एकाला विषाणू मिळे. अंगावर पाजलं तर त्याहून जास्त मुलांना. त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समध्ये चाललेली एक चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली, कारण उत्तर मिळालं होतं. ४७७ गरोदर स्त्रियांची त्यात नोंद होती. निम्म्या स्त्रियांना गरोदरपणात एझेडटी म्हणजे झिडोव्ह्युडिनच्या गोळ्या, प्रसूतीच्या वेळी तेच औषध शिरेतून, आणि बाळाला सहा आठवडे पातळ औषध. उरलेल्या निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. औषध न मिळालेल्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण झाली, मिळालेल्या गटात ८.३ टक्के. हरलेल्या लढाईत पहिल्यांदाच काहीतरी हाती लागलं होतं.

पण ही पद्धत महाग होती. मग ती आखूड करण्याचे प्रयत्न सुरू झाले. थायलंडमध्ये फक्त शेवटच्या महिन्यात गोळ्या देऊन लागण निम्म्यावर आणली गेली. युगांडात १९९९ मध्ये त्याहून सोपी गोष्ट सिद्ध झाली : कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीनची एक गोळी, जन्मल्यावर बाळाला एक घोट, संपलं. आपल्याकडे २००० मध्ये निवडक रुग्णालयांत आधी एझेडटीचा आखूड क्रम आणि पुढच्या वर्षी नेव्हिरापीनची एक गोळी असा प्रवास झाला. त्या एका गोळीनं हजारो मुलं वाचली, याबद्दल कोणाचं दुमत नाही.

मात्र ती गोळी आईसाठी नव्हती. आईचा आजार तिनं बरा होत नव्हता की थोपत नव्हता. उलट एकट्या गोळीमुळे आईच्या अंगातला विषाणू त्या औषधाला सरावायचा आणि पुढे खरे उपचार करायची वेळ आली तर तेच औषध निकामी ठरू शकायचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले ॲलन रोझनफील्ड यांनी १९८५ मध्ये एका सहकाऱ्यासोबत एक प्रश्न विचारला होता : आपण ‘माता-बालक आरोग्य’ म्हणतो, त्यातली माता कुठे आहे? २००१ मध्ये त्यांनी तोच प्रश्न एचआयव्हीच्या संदर्भात पुन्हा विचारला. माता-बालक संसर्ग रोखण्याच्या कार्यक्रमातली माता कुठे आहे? मला हा प्रश्न फार नेमका वाटतो. कार्यक्रमाच्या तक्त्यात बाळाचा रकाना होता, ‘लागण झाली’ किंवा ‘झाली नाही’ असा. आईच्या नावापुढे ‘गोळी दिली’ एवढंच लिहिलं जाई.

आईकडे लक्ष गेलं ते औषधांनी तिच्या शरीरावर उमटवलेल्या खुणांमुळे. एझेडटी रक्त कमी करतं. आपल्या देशात हा काही किरकोळ परिणाम नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा निम्म्याहून जास्त गरोदर बायका, ५२ टक्के, रक्तक्षयाच्या होत्या. जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेतून इशारा आला की स्टॅव्ह्युडिन आणि डायडॅनोसिन ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्या काही गरोदर स्त्रिया रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढून दगावल्या. पाठोपाठ नेव्हिरापीन रोज घेणाऱ्यांत यकृताला इजा होते, आणि ज्या स्त्रियांच्या सीडी-४ पेशी २५० पेक्षा जास्त आहेत, म्हणजे ज्या तब्येतीनं बऱ्या आहेत, त्यांना धोका अधिक, असं दिसलं. रक्त झालं, यकृत झालं. मग पाळी आली मूत्रपिंडांची.

त्या औषधाचं नाव टेनोफोव्हिर. त्याची जन्मकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचे विषाणुतज्ज्ञ एरिक द क्लेर्क या दोघांनी १९७०-८० च्या दशकांत, मध्ये पोलादी पडदा असताना, पत्रं आणि नमुने पाठवून एकत्र काम केलं. प्रागमध्ये संयुगं तयार व्हायची आणि ल्यूव्हेनमध्ये ती विषाणूंवर तपासली जायची. त्यातून तीन भावंडं निघाली : सिडोफोव्हिर, ॲडेफोव्हिर आणि टेनोफोव्हिर. पुढे अमेरिकेतल्या गिलियड कंपनीनं ती बाजारात आणली.

तिन्ही भावंडांना मूत्रपिंडांशी वैर. सिडोफोव्हिर इतकं कडक की ते देताना सोबत प्रोबेनेसिड द्यावं लागतं. पेनिसिलिन लघवीवाटे वाया जाऊ नये म्हणून ज्याचा उपयोग झाला, तेच हे जुनं औषध. दुसरं भावंड ॲडेफोव्हिर एचआयव्हीसाठी पुढे आलं, तेव्हा नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं मूत्रपिंडांच्या इजेमुळे त्याला नकार दिला. तेच औषध पुढे अगदी थोड्या मात्रेत काविळीच्या ‘बी’ विषाणूसाठी चाललं. तिसरं टेनोफोव्हिर मात्र बरंच सौम्य निघालं. २६ ऑक्टोबर २००१ रोजी त्याला मान्यता मिळाली. दिवसातून एकदा एक गोळी, रक्त कमी होत नाही, चेहऱ्यावरची चरबी झडत नाही. डॉक्टरांना हायसं वाटलं. आणि २००२ पासूनच वैद्यकीय नियतकालिकांत एकेक नोंद येऊ लागली : टेनोफोव्हिर घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत साखर, रक्तात मात्र साखर नाही, फॉस्फेट वाहून चाललेलं, हाडं दुखतात.

असं का होतं ते थोडक्यात सांगते. मूत्रपिंडात आधी एक गाळणी असते. तिच्यातून पाण्यासोबत साखर, क्षार, फॉस्फेट सगळंच खाली उतरतं. मग एक बारीक नळी असते. तिच्या पहिल्या भागातल्या पेशी त्यातलं कामाचं सगळं वेचून परत रक्तात टाकतात. धान्य पाखडून सुपाबाहेर पडलेले चांगले दाणे कोणी बसून वेचावेत, तसं. याच पेशींना आणखी एक काम असतं : काही औषधं रक्तातून ओढून घेऊन लघवीत टाकणं. टेनोफोव्हिर त्यातलंच. पेशीच्या मागच्या दारानं ते आत येतं. पुढच्या दारानं तेवढ्याच वेगानं बाहेर गेलं नाही तर आत साचतं आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांना त्रास देतं. दमलेली पेशी वेचण्याचं काम सोडून देते. साखर, फॉस्फेट, प्रथिनं लघवीतून वाहून जातात. या अवस्थेला झुरिकचे बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फँकोनी यांचं नाव आहे. गंभीर इजा फार थोड्यांना होते, आणि वेळेत औषध बदललं तर बहुतेकांची मूत्रपिंडं बऱ्याच अंशी सावरतात. सगळा प्रश्न त्या ‘वेळेत’चा आहे.

आता गरोदर बाईकडे येऊ. दिवस गेले की बाईच्या अंगातलं रक्त वाढतं, मूत्रपिंडं सेंटीमीटरभर लांब होतात आणि गाळणीचं काम सुमारे दीडपट होतं. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन खाली येतं. एरवी ०.७ असेल तर गरोदरपणात ०.५ च्या आसपास. आमच्या चिठ्ठीवर मात्र कंसात छापलेलं असतं : सामान्य ०.६ ते १.२. सहाव्या-सातव्या महिन्यातल्या बाईचं क्रिएटिनिन ०.८ आलं तर चिठ्ठी म्हणते सामान्य. खरं तर तिच्या बाबतीत ते चढलेलं आहे.

दुसरी खूण लघवीतली साखर. गरोदरपणात मधुमेह नसतानाही लघवीत थोडी साखर उतरणं ही रोजचीच गोष्ट. नळीची तक्रार असली तरी ती त्यातच खपून जाते. तिसरी खूण प्रथिनं. ती दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा येतो तो गरोदरपणातला वाढता रक्तदाब आणि झटके. यायलाच हवा, कारण तो धोका मोठा. चौथी खूण हाडं-कंबर दुखणं. आता सांगा, आठव्या महिन्यात कंबर दुखते म्हटल्यावर कुठली सासू, कुठली नर्स आणि कुठला डॉक्टर मूत्रपिंडाचा विचार करील? एका पाठोपाठ एक, औषधाच्या इजेच्या चारही खुणा गरोदरपण आपल्या पदराखाली घेतं.

यावर कोणी म्हणेल की नुसत्या क्रिएटिनिनवर कशाला जायचं, सूत्र वापरावं. एआरटी केंद्रांमध्ये टेनोफोव्हिर द्यायचं की नाही हे ठरवताना सूत्र वापरतातच; मूत्रपिंडाची सफाईची क्षमता मिनिटाला ५० मिलिलीटरपेक्षा कमी भरली तर ते टाळतात. हे सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये मांडलं. २४९ रुग्णांच्या मोजमापांवरून. त्यात जवळजवळ सगळे पुरुष. बाईसाठी काय करायचं? आलेल्या उत्तरातून पंधरा टक्के वजा करायचे! गरोदर बाईचा तर विचारच नव्हता.

आपण उदाहरण करून पाहू. पंचवीस वर्षांची, ४५ किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन ०.७. सूत्रानुसार क्षमता येते सुमारे ८७. तीच बाई सातव्या महिन्यात, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन ०.८. आता सूत्र म्हणतं ८८. म्हणजे काहीच बदललं नाही, उलट एक गुण वाढला! प्रत्यक्षात तिचं क्रिएटिनिन उतरायला हवं होतं ते चढलंय, आणि वाढलेलं वजन तर बाळाचं, गर्भजलाचं, वाढलेल्या रक्ताचं आहे. सूत्रात ते स्नायूंचं वजन म्हणून धरलं गेलं. हे गणित मी एकदा शिकाऊ तंत्रज्ञांच्या वर्गात फळ्यावर करून दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘मग मॅडम, आपण चिठ्ठीवर ‘नॉर्मल’ का लिहितो?’’ आमच्या प्रयोगशाळेत त्यानंतर गरोदर बायकांच्या चिठ्ठीवर महिना आणि आधीचं क्रिएटिनिन लिहायची पद्धत पडली. एक आकडा काहीच सांगत नाही, दोन आकडे शेजारी ठेवले की बोलू लागतात.

पुराव्यांचंही असंच. टेनोफोव्हिर आणि मूत्रपिंडं याबद्दलचा एक फार मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा हजारांहून अधिक रुग्णांचा. औषधाच्या प्रत्येक वर्षामागे मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचा धोका ३३ टक्क्यांनी वाढतो असं त्यात निघालं. पण हे रुग्ण होते अमेरिकेचे माजी सैनिक, म्हणजे बहुतेक पुरुष आणि बरेचसे उतारवयातले. तो आकडा पंचविशीतल्या गरोदर बाईला जसाच्या तसा लावणं चूक, आणि तिला काही होत नाही असं धरणंही चूक. नव्या औषधांच्या चाचण्यांत गरोदर बायकांना घेत नाहीत. हेतू त्यांना जपण्याचा. परिणाम असा की औषध बाजारात आल्यावर त्यांना ते चाचणीशिवायच मिळतं.

दरम्यान टेनोफोव्हिर गरोदर बायकांचं मुख्य औषध बनलं. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी या गरीब देशानं एक धाडसी निर्णय घेतला. सीडी-४ मोजायची यंत्रं गावोगावी नाहीत, मग मोजत बसायचंच नाही; जी गरोदर बाई एचआयव्हीबाधित आढळेल तिला त्याच दिवसापासून तीन औषधांची एक गोळी, आणि तीही प्रसूतीनंतर बंद न करता आयुष्यभर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये त्याच दिशेनं शिफारस केली. भारतात १ जानेवारी २०१४ पासून हे धोरण लागू झालं. गोळीत होतं टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ. रोझनफील्ड यांच्या प्रश्नाला हे खरं उत्तर होतं : आता औषध आईसाठीही होतं. बाळाला होणारी लागण नीट उपचार मिळालेल्या ठिकाणी शंभरात दोनपेक्षाही खाली आली.

टेनोफोव्हिर सुरू करण्याआधी क्रिएटिनिन तपासलंच पाहिजे अशी अट मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं घातली नाही. तपासणीची सोय नाही म्हणून गोळी अडू नये, हा विचार. त्यावर टीका झाली. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो, आणि मी आयुष्यभर तपासण्याच केल्या आहेत. कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. एचआयव्हीचा विषाणू स्वतःच मूत्रपिंडं खातो. १९८४ मध्ये, औषधं यायच्या आधी, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांची मूत्रपिंडं काही महिन्यांत निकामी होताना पाहून नोंदवलं होतं. या विकाराचा जोर आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त, आणि विषाणू दाबून ठेवणारे उपचार सुरू झाल्यावर तो फार कमी झाला. म्हणजे गोळी थोड्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते आणि पुष्कळांची मूत्रपिंडं वाचवते. मूत्रपिंडाच्या धास्तीनं आपणहून गोळी सोडणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. आणि तिथे बाळही आहे. माझी तक्रार एवढीच : जिथे तपासणीची सोय आहे, आणि आपल्याकडे एआरटी केंद्रांत ती आहे, तिथे तरी आकडा नीट वाचला जावा.

नीट वाचायचं तर आणखी एक गुंता २०१९ नंतर आला. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एफाव्हिरेंझच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिरची शिफारस केली आणि पुढे आपल्याकडेही गोळी बदलली. औषध उत्तम. पण त्याची एक गंमत आहे. नळीतून क्रिएटिनिन बाहेर टाकणारी एक वाट ते अडवतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन जरासं वाढतं, मूत्रपिंड मात्र धडधाकट असतं. म्हणजे गरोदरपण आकडा खाली ओढतं, डोल्युटेग्रॅव्हिर वर ढकलतं, आणि याच गोळीतल्या टेनोफोव्हिरनं खरी इजा केली असेल तर तीही वरच ढकलणार. म्हणूनच औषध सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आकडा जिथे स्थिरावतो तो लिहून ठेवायचा आणि पुढचा त्याच्याशी ताडून पाहायचा. लघवीत साखर दिसली तर रक्तातली साखरही त्याच दिवशी पाहायची. यात खर्चिक असं काही नाही.

प्रसूतीनंतरचं एक सांगायला हवं, कारण ते सहज टाळता येतं. बाळंतपणात, विशेषतः सिझेरियननंतर, दुखणं थांबवायला डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. टेनोफोव्हिर घेणाऱ्याला ही वेदनाशामकं दिल्यावर मूत्रपिंडं अचानक बिघडल्याच्या नोंदी आहेत. दुसऱ्या फळीच्या उपचारात रिटोनाव्हिर असतं, त्यानंही रक्तातलं टेनोफोव्हिर वाढतं. तेव्हा गोळी चालू असलेल्या बाईनं ती लपवू नये. मला ठाऊक आहे हे बोलणं सोपं आहे. प्रसूतिगृहात एचआयव्ही म्हटलं की वागणूक बदलते, म्हणून बायका गोळीचा डबा घरी ठेवून येतात. २०१७ मध्ये भेदभावाविरुद्ध कायदा झाला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागूही आहे. तरी मूत्रपिंडाला इजा होण्याचं एक कारण ही लाज आहे, आणि ते कुठल्याच चिठ्ठीवर छापून येत नाही.

टेनोफोव्हिरचं एक नवं रूप २०१५ पासून वापरात आलं आहे, त्याला टॅफ म्हणतात. जुन्या ३०० मिलिग्रॅमऐवजी २५ मिलिग्रॅमच पुरतं. औषध पेशींत शिरून तिथे उलगडतं, त्यामुळे रक्तात त्याचं प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी राहतं आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतं तेही कमी. या वेळी मात्र गरोदर बायकांना चाचणीबाहेर ठेवलं गेलं नाही. नऊ देशांत, त्यात भारतही होता, ६४३ गरोदर स्त्रिया चौदा ते अठ्ठावीस आठवड्यांच्या असताना सामील झाल्या आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. डोल्युटेग्रॅव्हिरसोबत टॅफ घेणाऱ्यांत मुदतीआधी प्रसूती, खुरटं बाळ, पोटात बाळ दगावणं अशा घटना २४ टक्के होत्या. जुनं टेनोफोव्हिर घेणाऱ्या दोन्ही गटांत ३३ टक्के. त्या स्त्रियांची तपासणी प्रसूतीपाशी थांबली नाही. बाळ पन्नास आठवड्यांचं होईपर्यंत ती चालू राहिली, बाळाची आणि आईचीही.